चाकरीची वाट : चिठ्ठीपासून महाजालापर्यंत

कोल्हापूर येथें टपालखात्यांत नोकरीस असलेल्या गोपाळराव जोशी ह्यांनीं १८७८ सालीं अमेरिकन मिशनऱ्यांच्या मार्फत एक पत्र अमेरिकेस धाडलें. पत्राचा मतलब दुहेरी होता. आपणांस त्या देशीं पोटापुरती एखादी नोकरी मिळावी आणि आपल्या पत्नीस तेथें विद्या शिकतां यावी, असें त्यांचें मागणें होतें. पूर्वीं कोल्हापुरांत राहून गेलेल्या ज्या वाइल्डर साहेबांच्या हातीं तें पत्र पोंचलें, त्यांनीं तें आपल्या मिशनरी मासिकांत छापलें आणि उत्तरादाखल ख्रिस्ती धर्माचा उपदेश केला. नोकरीचें कांहीं जमलें नाहीं. पुढें १८८० सालीं न्यू जर्सी प्रांतांतील रोझेल गांवच्या कार्पेंटर नांवाच्या एक बाई दंतवैद्याकडे आपली पाळी येण्याची वाट पाहत बसल्या होत्या. वेळ जाईना म्हणून त्यांनीं तेथें पडलेला मासिकाचा अंक चाळला, तों हें पत्र त्यांच्या दृष्टीस पडलें. घरीं जाऊन त्यांनीं त्या अनोळखी मुलीस पत्र लिहिलें. त्यांतून काय निष्पन्न झालें हें महाराष्ट्रास ठाऊक आहे. आनंदीबाई १८८३ सालीं अमेरिकेस गेल्या, कार्पेंटरबाईंस ‘मावशी’ म्हणत त्यांच्या घरीं राहिल्या, आणि १८८६ सालीं फिलाडेल्फियाच्या स्त्रियांच्या वैद्यक महाविद्यालयांतून एम्. डी. झाल्या. कोल्हापूरच्या आल्बर्ट एडवर्ड रुग्णालयांतील स्त्रीविभागाची जागा त्यांना देऊं करण्यांत आली. त्या जागेवर रुजू होण्यापूर्वींच, २६ फेब्रुवारी १८८७ रोजीं, त्यांचा अंत झाला ही गोष्ट वेगळी.

ही हकीकत स्त्रीशिक्षणाच्या इतिहासांत नेहमीं सांगितली जाते. ती नोकरीच्या शोधाचीही हकीकत आहे, इकडे मात्र कोणाचें फारसें लक्ष जात नाहीं. एका कारकुनानें थोड्याशा ओळखीच्या माणसाकडे काम मागितलें. त्या माणसानें तें मागणें हजारों लोकांपुढें मांडलें. आणि ज्यांना पत्र मुळीं लिहिलेंच नव्हतें अशा एका बाईंनीं हात पुढें केला. आज आपल्या घरोघरचीं मुलें लिंक्डइनसारख्या स्थळांवर आपली विद्या, आपलें काम आणि आपली गरज चारचौघांपुढें मांडतात, तेव्हां तीं ह्याहून निराळें काय करीत असतात ?

हा विषय आमच्या मनांत येण्यास एक लहानसें निमित्त घडलें. आमच्या शेजारच्या कुटुंबांतील मुलगा अभियांत्रिकीची परीक्षा उत्तम रीतीनें उतरला आहे. घराण्यांत पदवी घेणारा तो पहिलाच. शेंकडों अर्ज करूनही त्यास एकाही ठिकाणाहून होय किंवा नाहीं असें उत्तर आलें नाहीं. शेवटीं कोणीं सुचविलें म्हणून तो आमच्याकडे आला आणि आमच्या परिचयाच्या एका गृहस्थांशीं जाळ्यावरून त्याची गांठ घालून द्यावी अशी त्यानें विनंती केली. आम्हीं दोन ओळी लिहून दिल्या. जातां जातां संकोचानें त्यानें विचारलें, “काका, ह्यांत आणि वशिल्यांत फरक काय हो ?” प्रश्न साधा होता, पण त्याचें उत्तर आम्हांस त्या वेळीं देतां आलें नाहीं. तें शोधण्यासाठींच हा लेखनप्रपंच आहे.

चाकरी आणि ओळख ह्यांचें नातें आपल्याकडे फार जुनें आहे. जंजिऱ्याच्या सिद्दीच्या जाचामुळें श्रीवर्धनचे भट कोंकण सोडून घाटावर आले, तेव्हां वेळासचे भानु बंधु त्यांच्या सोबतीस होते. जी भाकरी मिळेल ती वांटून खाऊं असें त्यांचें वचन होतें, असें परंपरा सांगते. १७१३ सालीं बाळाजी विश्वनाथ पेशवे झाले आणि त्यांनीं ह्या भाकरीची आठवण ठेविली. फडणिशी भानूंच्या घराण्यांत आली, आणि त्याच घराण्यांत पुढें नाना फडणीस निपजले. एका संकटांतील सोबतीनें मराठी राज्याचा हिशेब तीन पिढ्या एका घराच्या हातीं दिला, आणि राज्याचें त्यांत नुकसान झालें असें कोणी म्हणणार नाहीं. परंतु ह्याच रीतीची दुसरीही बाजू आहे. ज्याच्या वडिलांनीं कोणाबरोबर भाकरी वांटून खाल्ली नव्हती, त्याचा मुलगा कितीही हुशार असला तरी त्यास फडाची पायरी चढण्याची वाट कोणती होती ?

त्या काळीं वाट होती ती उमेदवारीची. कचेरींत ओळखीच्या कारकुनाचा हात धरून शिरावयाचें, बैठकीच्या कडेला बसून नकला करावयाच्या, अक्षर वळवावयाचें, वर्षानुवर्षें बिनपगारी राबावयाचें आणि कोणी मेला किंवा बडतर्फ झाला म्हणजे आपली वर्णी लागेल ह्या आशेवर दिवस कंठावयाचे. ‘उमेदवार’ ह्या शब्दाचा अर्थच मुळीं ‘आशेवर असलेला’ असा आहे. पेशवाई बुडाली, इंग्रजी झाली, तरी मामलेदार कचेऱ्यांतून ही चाल पुष्कळ काळ टिकली. ह्या पद्धतींत शिक्षण खरें होई, परंतु ज्याच्या घरीं दोन वर्षें फुकट खाण्याइतकें धान्य असेल त्यालाच तें परवडे. आजकाल बिनपगारी प्रशिक्षणाच्या ज्या जागा जाळ्यावर झळकतात, त्या पाहून आम्हांस ह्या उमेदवारांची आठवण होते.

हा दोष केवळ आपल्याच देशाचा होता असें समजण्याचें कारण नाहीं. ईस्ट इंडिया कंपनीच्या मुलकी नोकरींत इंग्लंडांतील जे तरुण येत, ते कंपनीच्या डायरेक्टरांच्या शिफारशीनें येत. आपला पुतण्या, आपल्या मित्राचा मुलगा, ज्याचे उपकार फेडावयाचे त्याचा जांवई, अशांना हिंदुस्थानांतील जागा वांटण्याचा हक्क म्हणजे डायरेक्टरांची मिळकतच होती. १८५३ च्या सनदेच्या कायद्यानें हा हक्क काढून घेतला आणि १८५५ सालीं लंडन येथें पहिली चढाओढीची परीक्षा झाली. आतां वशिला संपला, योग्यतेचें राज्य आलें, अशी सुधारकांची भावना झाली. पण परीक्षा लंडनांत होती. समुद्रपर्यटनाचा खर्च, तेथील शिक्षणाचा खर्च आणि जातीचा बहिष्कार हें सारें सोसून १८६३ सालीं सत्येंद्रनाथ टागोर हे त्या परीक्षेंत उतरलेले पहिले हिंदी गृहस्थ ठरले. त्यांची नेमणूक आपल्या मुंबई इलाख्यांत झाली. हिंदुस्थानांत ही परीक्षा भरावयास १९२२ साल उजाडावें लागलें. दार सर्वांस उघडें आहे असें सांगावयाचें आणि तें सहा हजार मैलांवर ठेवावयाचें, ह्या युक्तीस वशिला म्हणतां येत नाहीं. परंतु तिचा परिणाम वशिल्याहून फारसा निराळा नव्हता.

खुद्द ज्या कोल्हापुरांतून गोपाळरावांचें पत्र गेलें, तेथील गोष्ट पाहावी. १८९४ सालीं शाहू महाराजांच्या हातीं राज्यकारभार आला, तेव्हां सामान्य प्रशासनांतील ७१ जागांपैकीं ६० जागांवर ब्राह्मण होते. हे सारे अयोग्य होते असें नव्हे. त्यांच्या घरीं अक्षरओळख होती, कचेरींत काका-मामा होते, आणि कोठली जागा केव्हां रिकामी होणार ही बातमी त्यांच्या माजघरांत आपोआप येत असे. ज्यांच्या माजघरांत अशी बातमी कधींच येत नव्हती त्यांच्यासाठीं महाराजांनीं २६ जुलै १९०२ रोजीं हुकूम काढला, आणि पुढें रिकाम्या होणाऱ्या जागांपैकीं शेंकडा ५० जागा मागासलेल्या वर्गांस राखून ठेविल्या. ह्या हुकुमावर तेव्हां बरीच टीका झाली. आमच्या मतें त्या हुकुमांत एक साधें सत्य ओळखलेलें होतें. ओळख ही देखील एक इस्टेट आहे. ती वारशानें येते. आणि ज्यास ती वारशानें मिळते त्यास आपल्याजवळ ती आहे ह्याची बहुधा जाणीवही नसते.

आतां कारकुनांच्या कचेरींतून कामगारांच्या गिरणगांवाकडे वळूं. मुंबईंत १८५४ सालीं कावसजी दावर ह्यांनीं पहिल्या कापडगिरणीचा पाया घातला आणि पुढील पन्नास-साठ वर्षांत परळ, लालबाग, भायखळा हा सारा भाग धुराड्यांनीं भरून गेला. ह्या गिरण्यांत माणसें घेण्याचें काम मालक करीत नसे, मॅनेजरही करीत नसे; तें जॉबर करी. आपल्या खात्यांत कोणास घ्यावयाचें, कोणास काढावयाचें, कोणास रजा द्यावयाची हें सर्व त्याच्या हातीं. सूत गुंडाळण्याच्या खात्यांत बायकांवर नाईकीण असे. रत्नागिरी जिल्ह्यांतून किंवा साताऱ्याकडून आलेला पोरगा आपल्या गांवकऱ्यांच्या खोलींत उतरे, ओळखीच्या खानावळींत उधारीवर जेवे, आणि त्या खोलींतलाच कोणी चुलता किंवा गांवकरी त्यास जॉबरपुढें उभा करी. पहांटे गिरणीच्या दाराशीं बदलीवाल्यांचा घोळका जमे आणि जॉबर त्यांतून माणसें निवडी. जागेसाठीं दस्तुरी द्यावी लागे, आणि ती एकदांच देऊन भागत नसे. १९२९ सालीं नेमलेल्या आणि १९३१ सालीं अहवाल सादर केलेल्या व्हिटले कमिशननें ह्या पद्धतीचे वाभाडे काढले आणि नोकरभरती जॉबरच्या हातून काढून घ्यावी अशी शिफारस केली. १९३५ सालीं गिरणीमालकांच्या संघानें बदलीवाल्यांस ओळखपत्रें देण्याची व्यवस्था सुरू केली, तींतही जॉबरची ही सत्ता कमी करण्याचा हेतु होता.

असें असतांही जॉबरला केवळ खलपुरुष ठरविणें बरोबर होणार नाहीं. परक्या शहरांत भाषा, घर, पत, जामीन ह्यांपैकीं कांहींच नसलेल्या माणसास त्याच्याशिवाय कोण उभें करणार होतें ? तो लुटी, आणि तोच आजारपणांत दोन रुपयेही देई. गांवकीचें जाळें तसेंच होतें. त्यानें कोंकणांतील लाखों घरांत मनीऑर्डरी पोंचविल्या. परंतु जें जाळें माणसास बुडूं देत नाहीं, तेंच त्यास पोहूनही जाऊं देत नाहीं, हें पुढें दिसून आलें. दादरच्या शाळांतून शिकलेल्या मुलामुलींची माहिती गोळा करून कैवान मुन्शी आणि मार्क रोझेन्झ्वाइग ह्या दोन अर्थशास्त्रज्ञांनीं २००६ सालीं एक निबंध प्रसिद्ध केला. १९९० नंतर इंग्रजी शिकलेल्यांचे पगार झपाट्यानें वाढूं लागले. तरी ज्या जातींचे पुरुष पिढ्यान्‌पिढ्या ओळखीनें श्रमाच्या कामांत लागत आले होते, त्यांचे मुलगे जुन्याच वाटेनें मराठी शाळांत जात राहिले. त्याच घरांतील मुली मात्र भराभर इंग्रजी शाळांकडे वळल्या. कारण त्या मुलींसाठीं कोणत्याही जाळ्यानें जागा राखून ठेविलेली नव्हती. जिला ओळखीचा आधार नव्हता ती मोकळी झाली, आणि ज्याला होता तो त्यांत अडकला. दरम्यान १८ जानेवारी १९८२ रोजीं सुरू झालेल्या संपानंतर गिरण्याच एकामागून एक बंद पडत गेल्या होत्या. सुमारें अडीच लाख कामगार त्या संपांत उतरले होते. ज्या ओळखी गिरणीच्या दारापर्यंत नेत, त्यांचा दार बंद झाल्यावर उपयोग तो काय ?

सरकारनेंही मधल्या काळांत ह्या कामीं हात घातला. दुसऱ्या महायुद्धांतून परतलेल्या शिपायांस कामें लावून देण्यासाठीं १९४५ सालीं नोकरीच्या विनिमय-कचेऱ्या निघाल्या. फाळणीनंतर निर्वासितांस त्यांचा उपयोग झाला. पुढें त्या सर्वांस खुल्या झाल्या. आणि १९५९ च्या कायद्यानें ठराविक मालकांवर रिकाम्या जागा कळविण्याचें बंधन घातलें. एम्प्लॉयमेंट एक्स्चेंजचें कार्ड दरसाल नवें करून घेण्यासाठीं रांगेंत उभे राहिलेले पदवीधर आमच्या वयाच्या वाचकांनीं पाहिलेले आहेत. येथें वशिला नव्हता हें खरें, पण बहुतेकांस बोलावणेंही नव्हतें. दुसरी वाट वर्तमानपत्रांतील जाहिरातींची. रविवारच्या अंकांतील तीं पानें, त्यांवर पेन्सिलीनें केलेलीं वर्तुळें, टंकलिखित अर्ज आणि स्वतःचा पत्ता लिहिलेला तिकीट लावलेला लिफाफा, हें मध्यमवर्गीय घरांतील एका काळाचें चित्रच होतें.

ह्या चित्रांतूनच नव्या युगाची सुरुवात झाली. संजीव बिखचंदानी नांवाचे गृहस्थ एका कंपनींत नोकरीस असतांना त्यांनीं पाहिलें कीं कचेरींत ‘बिझनेस इंडिया’ हें पाक्षिक आलें म्हणजे सहकारी तें मागील बाजूनें उघडतात, कारण जाहिराती मागील पानांवर असतात. ज्यांस चांगली नोकरी आहे तेही दुसरी नोकरी न्याहाळीत असतात, ही मनुष्यस्वभावाची खूण त्यांनीं ध्यानांत ठेविली आणि १९९७ सालीं नौकरी डॉट कॉम सुरू केलें. हें स्थळ म्हणजे वर्तमानपत्राचें तें मागील पान, पण अमर्याद लांबीचें. ह्याच्यापुढचें पाऊल अमेरिकेंत पडलें. रीड हॉफमन आणि त्यांचे सहकारी ह्यांनीं ५ मे २००३ रोजीं लिंक्डइन लोकांपुढें आणलें. येथें जाहिरातीपेक्षां माणसांस महत्त्व होतें. प्रत्येकानें आपल्या कामाची कुंडली मांडावयाची, ओळखीच्यांशीं दुवा जोडावयाचा, आणि मग आपल्या ओळखीच्याच्या ओळखीचा कोण हें पडद्यावर दिसूं लागावयाचें. जें ज्ञान पूर्वीं लग्नकार्याच्या पंक्तींत आणि गांवकीच्या खोलींत मिळे, तें एका यंत्रानें नकाशासारखें उलगडून दाखविलें. २०१६ सालीं मायक्रोसॉफ्ट कंपनीनें हें स्थळ २६२० कोटी डॉलरांस घेतलें. २०२३ सालीं त्याच्या सभासदांची संख्या १०० कोटींवर गेली. ओळख ही इस्टेट आहे असें आम्हीं वर म्हटलें, तिची बाजारांतील किंमत ही अशी ठरली.

ह्या जाळ्याचें मर्म समजण्यास त्याच्याही तीस वर्षें मागें गेलें पाहिजे. मार्क ग्रॅनोव्हेटर ह्या तरुण समाजशास्त्रज्ञानें बोस्टन शहराजवळील न्यूटन गांवीं नुकतीच नोकरी बदललेल्या लोकांस विचारलें, ‘ही जागा तुम्हांस कशी मिळाली ?’ निम्म्याहून अधिक लोकांस ती ओळखीनें मिळाली होती, ह्यांत नवल नाहीं. नवल पुढेंच आहे. ज्यांच्याकडून बातमी आली ते जिवलग मित्र क्वचितच होते. ज्यांची केव्हां तरी गांठ पडते असे जुने सहाध्यायी, पूर्वींच्या कचेरींतले सोबती, कधीं काळीं भेटलेले व्यवसायबंधु असेच ते बहुधा होते. कारण उघड आहे. आपल्या जिवलगांस जें ठाऊक असतें तें आपणांसही ठाऊकच असतें. दूरचा परिचित निराळ्या वर्तुळांत वावरतो, म्हणून त्याच्याजवळ निराळी बातमी असते. ह्या विषयावरील त्याचा निबंध एका नामांकित नियतकालिकानें १९६९ सालीं साभार परत केला होता. १९७३ सालीं तो दुसरीकडे प्रसिद्ध झाला आणि समाजशास्त्रांतील अत्यंत प्रसिद्ध निबंधांपैकीं एक ठरला. साभार परतीचीं पत्रें घरीं बाळगणाऱ्या तरुणांनीं ही गोष्टही ध्यानांत ठेवावी.

पुढें २०२२ सालीं लिंक्डइनवरील दोन कोटींहून अधिक सभासदांच्या पांच वर्षांच्या व्यवहारावरून संशोधकांनीं हेंच तत्त्व पारखून पाहिलें. निष्कर्ष असा निघाला कीं अगदीं निकटच्या ओळखीपेक्षां मध्यम प्रतीची दूरची ओळख नवी नोकरी मिळण्यास अधिक उपयोगी पडते. पण ती अगदींच नांवापुरती असली तर तिचाही उपयोग ओसरतो. ज्या धंद्यांत संगणकाचा वापर थोडा, तेथें मात्र निकटच्या ओळखीच अधिक कामास येतात. गिरणगांवांतील चुलता आणि रोझेलची कार्पेंटरबाई हे दोघेही ह्या एका निष्कर्षांत बसतात.

येथवर वाचून कोणास वाटेल कीं आतां सर्व आबादीआबाद आहे. तसें नाहीं. पहिली अडचण अशी कीं दार सर्वांस दिसूं लागलें म्हणून दारापाशीं गर्दीही सर्वांची झाली. एका जागेवर हजार-हजार अर्ज आले कीं ते माणूस वाचीत नाहीं, यंत्र चाळतें. आणि यंत्र जुन्या नेमणुकांवरून शिकतें, म्हणून जुने पूर्वग्रहही शिकतें. ॲमेझॉन कंपनीनें असें एक यंत्र तयार करविलें होतें. तें स्त्रियांच्या संस्थांचा उल्लेख असलेले अर्ज खालीं ढकलीत असल्याचें आढळल्यामुळें तें टाकून द्यावें लागलें, अशी हकीकत २०१८ सालीं बाहेर आली. माणसें वाचतात तेथें तरी न्याय होतो काय ? सुखदेव थोरात आणि पॉल ॲटवेल ह्यांनीं हिंदुस्थानांतील खासगी कंपन्यांच्या जाहिरातींस सारख्याच योग्यतेचे, परंतु निरनिराळ्या आडनांवांचे अर्ज धाडले आणि आपला अनुभव २००७ सालीं प्रसिद्ध केला. उच्चवर्णीय हिंदु आडनांवास जितकीं बोलावणीं आलीं, त्याहून दलित नांवास कमी आलीं, आणि मुसलमान नांवास त्याहूनही कमी. १९०२ च्या हुकुमामागील प्रश्न अद्याप निवर्तलेला नाहीं.

दुसरी अडचण अधिक भयंकर आहे. एकोणिसाव्या शतकांत मॉरिशसच्या उसाच्या मळ्यांसाठीं कोंकणांतून आणि देशावरून मजूर गेले, तेव्हां दलाल गांवोगांव फिरून सोन्यासारख्या पगाराचीं वर्णनें करीत, आणि भोळीं माणसें करारनाम्यावर अंगठा उठवीत. त्या दलालास आज गांवोगांव फिरावें लागत नाहीं. थायलंडांत संगणकाची उत्तम नोकरी आहे असें समाजमाध्यमांवरून सांगून हिंदी तरुणांस म्यानमारमध्यें नेऊन डांबण्याचे प्रकार झाले, आणि २०२२ च्या सप्टेंबरांत परराष्ट्र खात्यास जाहीर इशारा द्यावा लागला. जो नोकरी देण्यापूर्वीं पैसे मागतो, घाई करतो, आणि पूर्वीं तेथें काम केलेल्या एकाही माणसाशीं बोलूं देत नाहीं, तो दलालच समजावा. जाळ्यावर शंभर कोटी माणसें आहेत ह्याचा उलटा फायदा हा कीं कोणत्याही कंपनींत काम करून गेलेला माणूस शोधून ‘तुमचा अनुभव कसा ?’ असें विचारतां येतें. ही सोय मॉरिशसच्या गलबतावर चढणाऱ्यांस नव्हती. ती न वापरणें हा शुद्ध हलगर्जीपणा होय.

असो. शेजारच्या मुलाचा प्रश्न राहिला. वशिला आणि ओळख ह्यांत फरक काय ? इतिहास चाळून आमच्या मनाशीं जें ठरलें तें असें : जी शिफारस नाकारलेल्या उमेदवारांपुढें मोठ्यानें वाचून दाखवितां येते ती शिफारस, आणि जी कानांतच सांगावी लागते तो वशिला. ‘ह्या मुलानें अमुक काम केलेलें मीं पाहिलें आहे, आपण त्यास एकदां भेटून पाहावें,’ हें वाक्य चारचौघांत म्हणतां येतें. त्यानें निवडीचा हक्क निवडणाऱ्याकडेच राहतो. ‘हा आपलाच आहे, सांभाळून घ्या,’ हें म्हणतां येत नाहीं. डायरेक्टरांची चिठ्ठी आणि जॉबरची दस्तुरी कानांतल्या जातीचीं. गोपाळरावांचें पत्र तर छापूनच निघालें होतें.

ह्यावरून तरुणांस जें सांगावयाचें तें थोडें आहे. अनोळखी माणसास लिहितांना नोकरी मागूं नये, माहिती मागावी. त्याचें काम वाचून मग लिहावें. आपण काय केलें आहे तें चार ओळींत खरें खरें सांगावें. आणि गरज लागण्यापूर्वींच जुने सहाध्यायी आणि शिक्षक ह्यांची विचारपूस ठेवावी. उत्तर न आल्यास त्यांत आपला अपमान मानूं नये. एकदां आठवण द्यावी, आणि पुढें चालावें.

परंतु ह्या लेखाचा रोख तरुणांपेक्षां त्यांच्या वडीलधाऱ्यांकडे अधिक आहे. तरुणांस उपदेश करणारे पुष्कळ आहेत; त्यांच्या पत्रांस उत्तर देणारे थोडे. आमच्या वाचकांपैकीं बहुतेकांच्या घरीं आज ती माजघरांतली इस्टेट आहे. कोणाचा भाऊ बंगळुरास आहे, कोणाची सून लंडनांत, कोणी बँकेंतून निवृत्त झालेले, कोणी महाविद्यालयांत शिकविणारे. आपल्या भाच्यासाठीं ह्या ओळखी आपण वापरतोंच. परंतु भाच्यास त्यांची गरज सर्वांत कमी असते, कारण आपण नसतों तरी त्यास दुसरा मामा होताच. ज्याच्या घराण्यांत पदवी घेणारा तोच पहिला, त्याच्या पत्रास उत्तर देणें हें खरें काम. त्यास फार तर पांच मिनिटें लागतात, आणि खर्च कांहींच नाहीं.

शेजारचा मुलगा परवां पुन्हा येऊन गेला. आमच्या परिचयाच्या गृहस्थांकडे जागा नव्हती. पण त्यांनीं त्याच्याशीं अर्धा तास बोलून त्याचा अर्ज कोठें लंगडा पडतो तें दाखविलें, आणि आणखी एका बाईंचें नांव सुचविलें. त्या बाईंस तो ओळखत नाहीं, आम्हीही ओळखत नाहीं. त्यानें त्यांस लिहिलें आहे, आणि उत्तराची वाट पाहत आहे. त्या बाई कोठें तरी, कोणाच्या तरी दारांत आपली पाळी येण्याची वाट पाहत बसल्या असतांना तें पत्र उघडून वाचोत, एवढीच आमची इच्छा आहे.